एका पानात आगळ कसं मावणार?

कुळागरवाली
नमस्कार मंडळी. गेली सहा वर्षं नुसतीच वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही गोव्यातल्या सत्तरीतले, वाळपईच्या पुढचे. आजेसासऱ्यांच्या वेळचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, मिरी, थोडं जायफळ आणि कडेकडेने भिरंडीची, म्हणजे कोकमाची, बावीस झाडं. चार वर्षं झाली, मी आगळ (भिरंडीचा मिठातला रस), सोलं, साखरेचं सरबत आणि सासूबाईंच्या हाताखाली शिकलेलं भिरंडेल (भिरंडीच्या बियांचं तेल) करून विकते. विक्री म्हणजे म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, नातेवाईक आणि व्हॉट्सअ‍ॅप.

गेल्या महिन्यात पणजीला एका लग्नात कांदोळीच्या एका हॉटेलचे खरेदी बघणारे गृहस्थ पंगतीत शेजारी होते. माझ्याच आगळाची सोलकढी दोन वाट्या प्यायले. म्हणाले, "मॅडम, प्रॉडक्टचा वन-पेजर पाठवा." मी मानेने हो म्हटलं आणि घरी येऊन मुलाला विचारलं, वन-पेजर म्हणजे काय रे. वस्तूची सगळी माहिती एका पानात, म्हणाला.

मग लिहायला बसले. चार पानं झाली. आजेसासऱ्यांनी कुळागर कसं उभं केलं, भिरंडीचे गुण, अकरा वस्तूंची यादी, नऊ फोटो. सुरुवात अशी आहे: "निसर्गरम्य सत्तरी तालुक्याच्या कुशीत, म्हादईच्या पाण्यावर पोसलेल्या आमच्या कुळागरात परंपरेचा सुगंध दरवळतो..."

काय ठेवू, काय काढू? मला तर एक ओळही काढवत नाहीये.

मांडवीकाठ
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर.

फोंड्याचो_बाब
नमनाला घडाभर आगळ!
(ताई, हलके घ्या. म्हाका एक ग्लास जाय.)

पुणेरी_चौकोन
चांगला विषय. नोकरीत अशी पानं शेकड्यांनी केली आहेत, म्हणून थोडं सांगतो.

पान लिहिण्याआधी एकच वाक्य लिहा: हे कोणासाठी, त्याची कोणती अडचण यातून सुटते, आणि आत्ता तो जे वापरतो त्यापेक्षा हे बरं कसं. ते वाक्य जमलं की पान जमतं. ते जमत नसेल तर चार पानंही अपुरी पडतात. मग क्रम असा: वर ते वाक्य, खाली अडचण, मग वस्तू, मग पुरावा (कोण वापरतंय, किती दिवस), मग किंमत, आणि तळाशी समोरच्याने पुढे काय करायचं ते. अकरा वस्तू एका पानावर घेऊ नका. एका पानाला एक वस्तू.

"परंपरेचा सुगंध" आधी काढा. आगळाला सुगंध येतो का?

कुळागरवाली
@पुणेरी_चौकोन, धन्यवाद. आगळाला वास येतो हो, मिठाचा आणि सालीचा. डोळे मिटून ओळखेन. पण सुगंध म्हणता यायचा नाही, कबूल.

अडचण मात्र मला सुचत नाहीये. हॉटेलवाल्यांना आगळाची कसली अडचण असणार?

खरेदीखातं
ताई, याचं उत्तर मी देतो. उत्तर गोव्यातल्या हॉटेलांत अकरा वर्षं खरेदी केली. आता सुटलो.

तुमचं पान कसं वाचलं जातं ते आधी ऐका. सकाळी नऊ ते अकरा माल उतरत असतो. मासळीवाला बर्फावरून भांडत असतो, भाजीवाल्याचं वजन कमी भरलेलं असतं. अशात मोबाईलवर तुमची पीडीएफ येते. मी ती उभ्याने उघडतो आणि अंगठ्याने एकदा वर सरकवतो. तेवढ्यात काही सापडलं तर शेफला फॉरवर्ड, नाहीतर "बघतो". हा "बघतो" पुन्हा कधी बघत नाही.

मी काय शोधतो? वस्तू काय. पॅक केवढा. दर किती, जीएसटी धरून की वेगळा. फोडल्यावर किती दिवस टिकतं आणि फ्रिज लागतो का. कमीत कमी किती घ्यावं लागेल. कुठल्या वारी आणून देणार. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी नंबर. फोन कोणाला करायचा. तुमचे आजेसासरे थोर असतील, पण माझ्या स्टोअरमध्ये त्यांना ठेवायला फळी नसते.

आता अडचण. ती माझी नसते, शेफची असते. सोलकढीसाठी आमसुलं भिजत घालायची, कुस्करायची, गाळायची. त्यात माल दर वेळी वेगळा. एक लॉट काळा, एक लॉट लालसर, एकात मीठ जास्त. काल गुलाबी प्यायलेला पाहुणा आज जांभळट बघून विचारतो, हे तेच का? भिजवायचा वेळ वाचला आणि रोज एकच रंग आला, तर शेफ तुमच्या बाजूचा झाला.

अजून एक, कामाचं. दर लिटरला सांगू नका, ग्लासाला सांगा. लिटरचा आकडा मोठा दिसतो. शेफ मेन्यूचा हिशेब ग्लासातच करतो.

अनुस्वार
@खरेदीखातं यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. आजेसासरे आणि फळी हे वाचून ऑफिसात मोठ्याने हसले.

आठवडी_बाजार
थोडा वेगळा सूर लावतो. मी काणकोणला होमस्टे चालवतो आणि खोला गावच्या मिरच्या पाहुण्यांना विकतो. माझ्याकडे नेमकी गोष्टच विकली जाते. डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येणारी मिरची, बायका उन्हात वाळवतात, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. हे सांगितलं की पाहुणा दर न विचारता पाव किलो उचलतो. दरपत्रक पुढे केलं असतं तर म्हणाला असता, म्हापशात स्वस्त मिळते.

तेव्हा आजेसासऱ्यांना एवढ्यात घराबाहेर काढू नका.

खरेदीखातं
@आठवडी_बाजार, तुमचा पाहुणा स्वतःच्या पैशाने स्वतःच्या घरी नेतो. त्याला घरी जाऊन सांगायला गोष्ट हवी असते. मला साहेबाला सांगायला आकडा हवा असतो. दोघंही खरेच, पण पानं दोन.

पुणेरी_चौकोन
+१. नेमकं हेच म्हणणार होतो.

फोंड्याचो_बाब
पुणेकर "हेच म्हणणार होतो" म्हणाले म्हणजे धागा यशस्वी.

मांडवीकाठ
आलो. ताई, तुम्हीसुद्धा जीआयचा शिक्का टाका की. मोठी हॉटेलं त्यावर भाळतात. कोकमाला जीआय आहे असं वाचल्याचं आठवतं.

लेबलवाली
थांबा, थांबा! टाकू नका. कोकमाला जीआय आहे, पण तो "सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकम" म्हणून. सत्तरी त्यात येत नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये मिळाला, फेणीला तर २००९ मध्येच. आणि ज्याला मिळालाय त्या पट्ट्यात बसून भागत नाही, अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते.

मी अन्नतंत्रज्ञ आहे, लेबलं तपासणं हे पोटापाण्याचं काम. त्यामुळे ताई, "भिरंडीचे गुण" हा तुमचा परिच्छेद इथे टाका बघू. मला धास्ती वाटतेय.

कुळागरवाली
टाकते. हसू नका.

"१००% शुद्ध व नैसर्गिक. भिरंडीतील हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लामुळे वजन घटते, पित्त समूळ नष्ट होते, हृदयरोग व मधुमेहावर रामबाण."

हे मुलाने नेटवरून काढून दिलं. पित्ताचं मात्र सासूबाईंचं आहे.

लेबलवाली
धास्ती खरी ठरली.

"१००%" काढा. खाद्यपदार्थांच्या लेबलांवर आणि जाहिरातींत हा शब्दप्रयोग करू नका, असं एफएसएसएआयने मे २०२५ मध्ये कळवलं आहे. पुढचं सगळंच काढा. खाण्याच्या वस्तूने रोग बरा होतो असं म्हणता येत नाही, दाव्यांचे नियम २०१८ पासून आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात दहा लाखांपर्यंत दंड आहे. हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल भिरंडीच्या सालीत असतं हे खरं. पण "असतं" आणि "त्याने वजन घटतं" यात बरंच अंतर आहे, आणि तुमच्या सोलकढीत तर वर नारळाचं दूधही आहे.

त्याऐवजी घटक लिहा. तुमच्या आगळात काय काय असतं?

कुळागरवाली
साली आणि मीठ. बस. पिकलेली भिरंडं फोडून बिया वेगळ्या काढते, सालींवर मिठाचे थर देते, रोज वर-खाली करते. पाच-सहा दिवसांत सगळा रस सुटतो. तो गाळायचा. पाणी अजिबात नाही, रंग नाही.

लेबलवाली
मग जाहिरात झालीच की. "घटक: भिरंडीच्या साली, मीठ." बाजारातल्या चार बाटल्या उलट्या करून वाचा, यादी किती लांब असते ती. हे दोनच घटक मोठ्या अक्षरात छापा.

आणि भिरंडेल याच पानावर नको. टाचांच्या भेगांसाठी म्हणून विकलं की ते सौंदर्यप्रसाधन होतं, त्याचा परवाना वेगळा. हॉटेलच्या किचनला ते पाठवून काय करणार?

फोंड्याचो_बाब
शेफच्या टाचांना भेगा नसतात का? दिवसभर उभे असतात बिचारे.

अवांतर: लहानपणी आजी भिरंडेलाचा गोळा दिव्यावर धरायची आणि वितळलेला थेंब टाचेत सोडायची. बोंब ठोकायचो. पण भेग बुजायची. (हा दावा नाही, @लेबलवाली. आठवण आहे.)

लेबलवाली
आठवणींना परवाना लागत नाही. :)

गावठी_पोय
मूळ प्रश्न. पान कुठल्या भाषेत? इथे सगळे मराठीत बोलताहेत, पण कांदोळीचा खरेदीवाला मराठी वाचेल? आणि कोकणीत का नको? आगळ हा शब्दच...

मांडवीकाठ
झालं. आता गोव्याचा १९८७ चा राजभाषा कायदा निघणार. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

गावठी_पोय
कायदा तुम्हीच काढलात! मी साधं विचारलं. कोकणी म्हटलं की मराठीवाले दचकतात का?

मांडवीकाठ
दचकत नाही हो. माझ्या घरात आई कोकणीत ओरडते, मी शाळेचं मराठीत लिहिलं आणि पगार इंग्रजीत मिळतो. पण कोकणी म्हटली की देवनागरी की रोमी (रोमन लिपी), हा प्रश्न लगेच दारात उभा. पान बाजूलाच राहील.

संपादक
भाषावादासाठी स्वतंत्र धागा काढावा. एक प्रतिसाद अप्रकाशित केला आहे.

खरेदीखातं
भाषेचं सोपं आहे. हॉटेलसाठी इंग्रजी, सरळ आणि साधी. शेफ उत्तराखंडचा असू शकतो, स्टोअरकीपर बिहारचा. फक्त वस्तूचं नाव "आगळ"च ठेवा आणि खाली एका ओळीत ते काय आहे सांगा. "कोकम कॉन्सन्ट्रेट" एवढंच लिहिलंत तर सरबत समजून कोणीतरी साखरेचं धरून चालेल. शेफने पहिल्याच दिवशी त्यात मीठ घातलं की सोलकढी समुद्र होईल. "यात मीठ आहे, वेगळं घालू नये" ही ओळ ठळक हवी.

छापखाना
मडगावला छपाईचा धंदा आहे, म्हणून बोलतो. पीडीएफ पाठवणार हे ठीक, पण भेटायला गेलात तर हातात कागद लागतो.

कागद ए-फोर, १३० जीएसएम आर्ट पेपर, मॅट. चकचकीत नको, किचनच्या दिव्याखाली वाचता येत नाही. लाल रंग जपून. मोबाईलवर आगळाचा फोटो माणकासारखा दिसतो, छापल्यावर विटेसारखा येतो. पडद्याचे रंग वेगळे, शाईचे वेगळे. आधी एक प्रत काढून बाटलीशेजारी धरून बघा. क्यूआर कोड दोन सेंटीमीटरहून लहान नको. नऊ फोटोंपैकी एक घ्या, तोही कुळागराचा नव्हे, भरलेल्या ग्लासाचा.

आणि पहिल्या वेळी पन्नासच छापा. हजार स्वस्त पडतात म्हणून लोक हजार छापतात, मग पुढची दहा वर्षं पाठकोऱ्या कागदावर मुलांचा अभ्यास.

अनुस्वार
एकाच पानाचा एवढा आग्रह का पण? अ‍ॅमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकीत स्लाइड्स बंद करून सहा-सहा पानांची टिपणं वाचतात म्हणे.

पुणेरी_चौकोन
वाचतात, कारण बैठकीच्या सुरुवातीला सगळे मुकाट्याने बसून तेच करतात. तिथे साहेबाने वेळ दिलेला असतो. प्रॉक्टर अँड गॅम्बलमध्ये उलट एकपानी मेमोचा शिरस्ता प्रसिद्ध आहे. आणि चर्चिलने तर ऑगस्ट १९४० मध्ये, ऐन लढाईत, खात्यांना चिठ्ठी काढली होती की अहवाल लांबट येतात, मुद्दे थोडक्यात लिहा, तपशील परिशिष्टात टाका. खरेदीखातं यांचा मासळीवाला हीसुद्धा एक लढाईच.

खरेदीखातं
लढाईत निदान तह होतो. मासळीवाल्याशी होत नाही.

कुळागरवाली
तीन दिवस आले नाही, कारण मापं घेत होते. सोलकढीचा १८० मिलीचा ग्लास धरला. खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने आगळ मोजून घातलं. पंधराला पांचट, वीसला सासूबाई म्हणाल्या "अजून", पंचवीसला बरोबर. म्हणजे लिटरला चाळीस ग्लास. लिटरचे मी २२० घेते, तर ग्लासाला साडेपाच रुपये पडतात. इतकी वर्षं विकतेय, हा हिशेब कधी केलाच नव्हता.

आता असं झालंय (इंग्रजी मुलगा करणार):

"आगळ. मिठातला भिरंडीचा घट्ट रस, सोलकढीसाठी तयार.
भिजवणं, कुस्करणं, गाळणं नाही. ग्लासाला २५ मिली. रोज एकच रंग, एकच आंबटपणा.
घटक: भिरंडीच्या साली, मीठ. यात मीठ आहे, वेगळं घालू नये.
५ लिटरचा कॅन १,१०० रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे ग्लासाला साडेपाच रुपये.
दर मंगळवारी पोच. कमीत कमी एक कॅन.
सत्तरीत, आमच्याच कुळागरात, तीन पिढ्या.
१ लिटर नमुना मी स्वतः आणून देईन, दिवस सांगा."

आजेसासऱ्यांना एक ओळ दिलीय. तेवढी राहू द्या.

आठवडी_बाजार
ती ओळ हवीच. बरं वाटलं.

लेबलवाली
झकास. एक शंका. "रोज एकच आंबटपणा" हे वचन पाळता येईल? एप्रिलचं फळ आणि पावसाच्या तोंडावरचं फळ सारखं नसतं.

कुळागरवाली
हंगाम संपला की सगळे लॉट एकाच मोठ्या ड्रममध्ये एकत्र करते आणि मगच भरते. म्हणून वर्षभर एकच चव.

लेबलवाली
अहो, मग हे वाक्य पानावर का नाही? वचनाखाली त्याचं कारण द्या. शेफ लोकांना कारण दिलं की विश्वास बसतो. टिकण्याची मुदतही राहिली आहे. ती अंदाजाने लिहू नका, प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

पुणेरी_चौकोन
आणि फोन नंबर! ताई, अख्ख्या पानावर फोन नंबर नाही.

कुळागरवाली
अरे देवा.

खरेदीखातं
नंबर हमखास राहतो, मनाला लावून घेऊ नका. उद्यम नोंदणी असेल तर तोही क्रमांक टाका, नसेल तर करून घ्या, फुकट होते. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. हॉटेलं साठ-नव्वद दिवस लावतात, मीही लावलेत. पानावर तो क्रमांक दिसला की अकाउंट्सवाला जरा सरळ बसतो.

आता खरा प्रश्न. ड्रममध्ये आगळ किती?

कुळागरवाली
यंदा साडेतीनशे लिटर निघालं. म्हापशाला आणि घरोघरी मिळून साठेक गेलं.

खरेदीखातं
म्हणजे उरलं २९०. मध्यम हॉटेल सीझनमध्ये दिवसाला साठ ग्लास सोलकढी काढतं. दीड लिटर. महिन्याला ४५. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने धरले तर २७०.

ताई, तुमच्याकडे एका हॉटेलपुरताच माल आहे.

मांडवीकाठ
आणि आपण इथे जीआय, राजभाषा आणि चर्चिल काढून बसलोय.

कुळागरवाली
हा हिशेब रात्री वहीत दोनदा केला. खरंच एकच. पुतण्या दहा हॉटेलांची यादी करून बसला होता, त्याला सांगितलं, बाबा, नऊ खोड.

पुणेरी_चौकोन
तेही पानावर लिहा. "यंदा एकाच हॉटेलसाठी उपलब्ध."

खरेदीखातं
असं छापू नका, मखलाशी वाटते. खरेदीवाले अशा ओळी रोज वाचतात. "यंदाचा साठा २९० लिटर" एवढाच आकडा लिहा. पुढचं त्याचं तो काढेल.

कुळागरवाली
मंडळी, जाऊन आले. वाळपई-म्हापसा-कांदोळी, दोन बसगाड्या, मांडीवर बाटली.

खरेदीवाल्यांनी पान पाहिलं, "साठा" वाचून भुवई वर केली आणि मला थेट किचनमध्ये नेलं. शेफ उत्तराखंडातल्या पौडीचे निघाले. आगळ बोटावर घेतलं, मग ग्लास केला. दोनदा केला. मग पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलं: ३०. म्हणाले, हमारा ग्लास बड़ा है. म्हणजे लिटरला तेहतीस, आणि ग्लासाला साडेपाचचे पावणेसात झाले की! मी घाईघाईने हिशेब सांगायला गेले, तर म्हणाले, चलेगा, पण मंगळवार नको, गुरुवारी आणा. पहिले दोन कॅन येत्या गुरुवारी.

आता पानावरचं २५, साडेपाच आणि मंगळवार, तिन्ही चुकलं. तेच पान लॅमिनेट करून किचनमध्ये लावलंय, पेनाची बाजू बाहेर.

छापखाना
म्हणून म्हटलं होतं, पन्नासच छापा.

फोंड्याचो_बाब
जुन्या पंचवीसच्या हिशेबाने ड्रममध्ये वीस लिटर शिल्लक राहतं. हिशेब मीही केलाय. देव बरें करूं, ताई, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.